पोरगी म्हणते तपासा, घरचे म्हणतात कशाला: धंतोलीतल्या एका दवाखान्याचा अनुभव

सोळा-सतरा वर्षांचं मूल स्वतःहून म्हणतं, मला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा किंवा अति चंचलपणाचा विकार असावा, एकदा तपासून आणा. घरचे म्हणतात, काही नाही होत, अभ्यास कर. अशा घरानं नागपुरात कुठे जायचं, हे मी भाचीसाठी शोधत होतो तेव्हा मराठीत कामाचं काही वाचायला मिळालं नाही. म्हणून आमचा अनुभव लिहून ठेवतो. दवाखाना धंतोलीत आहे, यशवंत स्टेडियमपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर. मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मानसोपचाराचा आहे. नाव जाहीर लिहीत नाही, कारण भाची अजून अकरावीत आहे आणि तिच्या बाबांना मी तसा शब्द दिला आहे.

माझ्याकडून पाचपैकी चार. एडीएचडी ओळखणारे डॉक्टर शहरात आणखीही आहेत. मनातून तयार नसलेल्या आईबापाशी नीट बोलू शकणारे फार कमी. घरचे अडून बसले असतील तर दवाखाना निवडताना मी फक्त हेच बघा म्हणेन.

माझं मानेवाडा रोडवर औषधांचं दुकान आहे, त्यामुळे हा संकोच मला रोज दिसतो. शुगरची, बीपीची गोळी माणूस चारचौघांत मोठ्यानं मागतो. मानसोपचाराची चिठ्ठी असली की दुकान रिकामं व्हायची वाट बघत बाजूला उभा राहतो, आणि पाकीट कागदात गुंडाळून द्या म्हणतो. आमची ताई आणि भाऊजी याच शहरातले. त्यांना भीती वाटली यात मला नवल वाटलं नाही. नागपुरात मानसोपचार म्हटलं की कित्येकांच्या डोळ्यांसमोर अजून मनोरुग्णालयाचं फाटकच येतं.

आता भाचीबद्दल. दहावीला चांगले मार्क होते, त्यामुळे कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं. अकरावी सायन्स, सोबत नीटचा क्लास, आणि सहा महिन्यांत सगळं विस्कटलं. पुस्तक उघडून बसायची आणि तासाभरानंही तेच पान. फिजिक्सच्या पेपरात शेवटचं पान उलटायचंच राहिलं, त्यावरचे प्रश्न तिला येत होते. गॅसवर दूध ठेवून दुसऱ्या खोलीत गेली की दूध उतूच गेलेलं. मेट्रोचं कार्ड, पाण्याची बाटली, छत्री, काही हाती टिकत नाही. दंगा नाही, आरडाओरडा नाही, आपली शांत बसलेली असते. मुलींच्या बाबतीत हेच नडतं. एडीएचडी म्हटलं की लोकांना वर्गात उड्या मारणारा पोरगा आठवतो. खिडकीबाहेर बघत बसलेली पोरगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही.

भाऊजींचं म्हणणं एकच, पोट्टीला मोबाईलनं खाल्लं. ताईची काळजी वेगळी. उद्या लग्नाच्या वेळी कोणी विचारलं तर? भाची मला दुकानात येऊन म्हणाली, "मामा, मी खरंच करून राहिली प्रयत्न. बसते, पण सुरूच नाही होत माझ्याकडून. आणि मग सगळे म्हणतात आळशी." तिनं इंटरनेटवरची एक प्रश्नावली भरली होती. अशा प्रश्नावलीवर निदान होत नाही, पण तपासून घ्यावं का एवढं त्यावरून ठरवता येतं, आणि तिनं तेवढंच मागितलं होतं.

दवाखान्याला पहिला फोन तिनंच केला, क्लासच्या जिन्यात उभं राहून. तिथपासूनच मला हा दवाखाना आवडला. रिसेप्शनच्या बाईंनी "घरच्या मोठ्या माणसाला फोन द्या" म्हणून ठेवून दिला नाही, थेट काउन्सेलरकडे जोडून दिला. त्यांनी आधी विचारलं झोप लागते का, जेवण जातं का, जीव नकोसा वाटतो असं कधी होतं का. त्यानंतर स्पष्ट सांगितलं की तू अठराच्या आतली आहेस, तपासणीला आई किंवा बाबा सोबत हवेतच, मामा चालणार नाहीत. ऐकून ती हिरमुसली. पण हे बरोबर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अठराखालच्या मुलाचा प्रतिनिधी म्हणजे त्याचा कायदेशीर पालक. कोणी पालकांना अंधारात ठेवून तपासून देतो म्हणत असेल तर तिथून परत फिरा. घरी बोलायची सोय होईपर्यंत कोणाशी तरी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, असंही त्यांनी सांगितलं. ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

काउन्सेलरनं तिला एक काम दिलं, आणि ज्या मुलांचे आईबाबा ऐकत नाहीत त्यांच्यासाठी यापेक्षा उपयोगाचं मला काही दिसलं नाही. एका कागदावर गेल्या काही महिन्यांतल्या खऱ्या घटना लिहायच्या. आजाराचं नाव कुठेही घालायचं नाही. कोणत्या दिवशी काय करायचं ठरवलं होतं, काय झालं, किती वेळ गेला, त्यानं नुकसान काय झालं, एवढंच. तिनं लिहिलं. फिजिक्सच्या पेपराचं ते न उलटलेलं पान त्यात होतं. मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती तारीख विसरून घरीच बसून राहिली, हेही होतं, आणि ते ताईला माहीतच नव्हतं. ताईनं तो कागद रात्री स्वयंपाकघरात उभ्यानं वाचला आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला, "वेळ घे रे."

पहिल्या भेटीला फक्त ताई आली. भाऊजी आले नाहीत, आणि दवाखान्यानं त्याचा बाऊ केला नाही. डॉक्टर बाईंनी आधी दोघींशी एकत्र, मग भाचीशी एकटीशी, मग ताईशी एकटीशी असं बोलणं केलं. भाचीला आधीच सांगितलं की तू मला जे सांगशील ते तुझ्या परवानगीशिवाय घरी जाणार नाही, फक्त तुझ्या जिवाला धोका वाटला तर मला सांगावं लागेल. आईसमोरच सांगितलं, त्यामुळे ताईलाही आपल्यामागे काही शिजतंय असं वाटलं नाही.

मागे एका शैक्षणिक प्रदर्शनात भाऊजींनी पैसे भरून तिच्या बोटांच्या ठशांची चाचणी करून घेतली होती. डीएमआयटी म्हणतात ती. जाड चकचकीत रिपोर्ट आहे, त्यात मेंदूचा कुठला भाग किती टक्के ते रंगीत चक्रांत काढलेलं आहे. या प्रकाराला शास्त्रीय आधार नाही. ताईनं तो रिपोर्ट मोठ्या आशेनं टेबलावर ठेवला. डॉक्टर हसल्या नाहीत. दोन पानं चाळली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, यातून मला तिच्याबद्दल काही कळत नाही, तुम्ही सांगितलेल्या गोष्टींतून जास्त कळतं. ताईचा मान राहिला आणि तो विषय संपला.

तपासणी कशी असते हे थोडं सविस्तर सांगतो, कारण लोकांना वाटतं डोक्याला तारा लावतात. एडीएचडी दाखवणारी रक्ताची चाचणी नाही, स्कॅन नाही. माहिती गोळा करून, निकषांना लावून निदान होतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांप्रमाणे लक्ष न लागण्याच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा लक्षणं निदान सहा महिने तरी असावी लागतात. सतरा वर्षं पूर्ण झाली की पाच पुरतात. त्यातली काही बारा वर्षांच्या आधीपासून दिसलेली असावीत, आणि घरी-शाळेत अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसावीत. म्हणजे क्लासच्या ताणानं अकरावीत अचानक आलेली अडचण एडीएचडी ठरत नाही. ही अट फार चांगली आहे. भाऊजींसारख्या माणसाला तीच पुढे पटली.

प्रश्नावल्या तीन भरायच्या होत्या, भाचीची स्वतःची, आईबाबांची, शिक्षकांची. मी जो गुण कापला त्यातला अर्धा इथे. सगळे फॉर्म इंग्रजीत. ताई बारावी शिकलेली आहे, पण "बरेचदा" आणि "फारच वारंवार" यांतला फरक परक्या भाषेत ठरवताना तिचा पेन अडत होता. शेवटी काउन्सेलरनं शेजारी बसून एकेक प्रश्न मराठीत वाचला, आणि तेव्हा ताई खरं बोलायला लागली. "सांगितलेलं काम अर्धवट सोडते का" या प्रश्नाला ती म्हणाली, "सोडत नाही हो, सुरू केलं होतं हेच विसरते." काउन्सेलरनं ते वाक्य समासात लिहून घेतलं. धंतोलीतल्या दवाखान्यात छापील मराठी फॉर्म नसावा हे मला पटत नाही. अशी काउन्सेलर त्या दिवशी रजेवर असती तर?

शिक्षकांच्या फॉर्मचीही अडचण आली. ज्युनिअर कॉलेजात हजेरीपुरतीच ओळख, क्लासमध्ये दीडशे पोट्टे. डॉक्टरांनी मग जुनी प्रगतिपुस्तकं मागितली, पहिलीपासूनची जेवढी असतील तेवढी. ती भाऊजींच्याच कपाटात होती, कारण घरातले कागद तेच सांभाळतात. दुसऱ्या भेटीला भाऊजी आले ते ही पिशवी घेऊनच. येणार नव्हते, पण कागद दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार नव्हते.

मी बाहेर बसलो होतो. आत काय झालं ते ताईनं सांगितलं. डॉक्टरांनी पिशवी त्यांच्याकडून घेतली नाही, त्यांनाच वाचायला सांगितलं. तिसरीचा शेरा होता, "हुशार आहे, वर्गात लक्ष नसते." चौथीत, "वह्या अपूर्ण." पाचवीत, "साहित्य वारंवार हरवते." भाऊजींनी तिन्ही वाचले. घरात मोबाईल केव्हा आला, असं डॉक्टरांनी विचारलं. भाचीला फोन नववीत मिळाला होता. भाऊजी तरी म्हणाले की आमच्या वेळी हे आजार नव्हते. त्यावर डॉक्टरांनी सांगितलं की १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञानं अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती, आणि १७९८ मध्ये अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश डॉक्टरनं लक्ष न टिकण्याच्या त्रासाबद्दल पुस्तकात लिहिलं होतं. तेव्हा मोबाईल कुठे होता? भाऊजींना जुन्या तारखांचा फार आदर आहे. ते गप्प ऐकत राहिले.

नंतर डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?" या एका प्रश्नासाठी मी या दवाखान्याला जास्तीचा गुण देईन. आम्ही घरातले सगळे भाऊजींना समजावत होतो, हे विचारलं कोणीच नव्हतं. ते म्हणाले, पोट्टीला एकदा गोळी लागली की आयुष्यभर सुटणार नाही, आणि कागदावर काही आलं तर तिचं मेडिकल जाईल. डॉक्टरांनी दोन्हीची उत्तरं दिली. निदान झालं म्हणून गोळी घ्यावीच लागते असं नाही, आणि सुरू केली तरी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवता येते. एडीएचडी असलेली माणसं डॉक्टर होतात, असंही सांगितलं.

त्याच भेटीत हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली, कान-डोळे बघून घ्यायला सांगितले, झोपेचं विचारलं, चिंता आणि उदासीनतेचंही बघितलं. या सगळ्यांनी लक्ष उडतं. भाचीचं हिमोग्लोबिन कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. भाऊजींना वाटलं, सापडलं कारण. डॉक्टर म्हणाल्या, हेही दुरुस्त करू, पण तिसरीतल्या शेऱ्याचं कारण आजचं हिमोग्लोबिन असू शकत नाही. किती सरळ बोलणं!

अखेर निदान आलं, लक्ष न लागणं प्रामुख्यानं असलेला एडीएचडी. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यातली मुळातली अडचण, नाही. भाची रडली, पण मला म्हणाली, "मी आळशी नव्हती ना मामा?" ताईनं तिला जवळ घेतलं.

गोळीचं मी दुकानदार म्हणून सांगतो. आपल्याकडे मुख्यतः दोन औषधं दिली जातात, मिथाइलफेनिडेट आणि अॅटॉमॉक्सेटिन. पहिल्याचा परिणाम त्याच दिवशी दिसतो, दुसऱ्याला काही आठवडे लागतात. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्स या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत येतं. त्यासाठी दुकानाला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते. म्हणून ते गल्लीतल्या दुकानात मिळत नाही. माझ्याकडेही नाही. नियम इतके कडक, याचा अर्थ लोक "नशेची गोळी" असा काढतात. गैरवापर होऊ शकतो म्हणून नियम कडक आहेत; तपासून, मोजून दिलेलं औषध वेगळं. परीक्षेच्या दिवसांत माझ्या दुकानात "लक्ष लागायची गोळी" मागणारे पोट्टे येतात. मी त्यांना परत पाठवतो, आणि ज्याला खरंच गरज वाटते त्याला सांगतो की आधी आईबाबांना घेऊन डॉक्टरकडे जा. दवाखान्यात वजन, उंची, नाडी, बीपी सगळं आधी नोंदवून ठेवलं होतं. भूक आणि झोप कमी होऊ शकते हे आधी सांगितलं, लपवलं नाही.

डॉक्टरांचं मत गोळी सुरू करावी असं होतं. माझंही तेच. भाऊजी नाही म्हणाले. मला वाटलं आता बिघडणार. डॉक्टरांनी फाइल बंद केली नाही. ठीक आहे, सहामाहीपर्यंत गोळीशिवाय काय करता येतं ते करू, मग आकडे समोर ठेवून पुन्हा बोलू, असं म्हणाल्या. भाचीलाही विचारलं, तुला हे चालेल का. ती हो म्हणाली, पण सहामाहीनंतर मात्र माझं ऐकायचं, असंही तिनं बाबांसमोर म्हणून घेतलं.

काउन्सेलरनं अभ्यासाची पद्धत बदलून दिली. वीस मिनिटांचा तुकडा, मध्ये उठायचं. सगळ्या कामांची एकच वही, तीही ठरलेल्या जागी. फोन रात्री बैठकीत चार्जिंगला. आणि अभ्यासाच्या वेळी खोलीत कोणीतरी आपलं आपलं काम करत बसलेलं असावं. बोलायचं नाही, तपासायचं नाही. हे काम भाऊजींनी घेतलं. रोज संध्याकाळी पेपर घेऊन तिच्या खोलीत बसतात. आजाराचं नाव अजूनही त्यांच्या तोंडून येत नाही, पण ते बसायचं चुकवत नाहीत, आणि तिचे तुकडे पूर्ण होऊन राहिले आहेत.

एक गोष्ट दवाखान्यानं न विचारता आधीच सांगितली, त्याबद्दल आभार. बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ मिळेल या आशेनं बरेच पालक येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आहेत, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. फक्त एडीएचडीच्या कागदावर सवलतीचं आश्वासन आम्ही देणार नाही, असं त्यांनी पैसे भरायच्या आधी सांगितलं.

कापलेल्या गुणाचा उरलेला अर्धा रिसेप्शनचा. पाचची वेळ होती, आत जायला पावणेसात झाले. बसायची खोली एवढीशी, आणि गर्दीत मोठ्यानं विचारलं गेलं, "एडीएचडी टेस्टिंगचे कोण आहेत?" ताईनं मान खाली घातली. इतक्या कष्टानं घराबाहेर पडलेली बाई एवढ्यानं परत फिरू शकते. मी तिथल्या तिथे सांगितलं. पुढच्या वेळी फक्त आडनाव पुकारलं. पण हे कोणी सांगायची वेळ येऊ नये.

खर्च पहिल्या भेटीचा दीड हजार, तपासण्या धरून सगळं साडेसात हजारांच्या आसपास गेलं. परवडत नसेल तर मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे, सकाळी ओपीडीला जा आणि मुलाची प्रगतिपुस्तकं सोबत न्या. धंतोलीत गाडी लावायला जागा मिळत नाही, काँग्रेसनगर मेट्रो स्टेशनवरून ऑटो करा. लिफ्ट नाही, पहिला मजला आहे, जिना उभा आहे, आजीला सोबत आणू नका. फोन करताना दुपारची पहिली वेळ मागा, आणि फॉर्म मराठीत वाचून घ्यायला काउन्सेलर त्या दिवशी आहेत का ते आधी विचारा.